कोंड्याच्या पोत्यावरचा ताल

आमच्या बाजूला लग्नाच्या वरातीत बँडवाल्याचा ताल चुकला की गर्दीतून कुणीतरी हमखास म्हणतं, "काय रे, पास्कूची घेतलीस काय?" आणि सगळे हसतात. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांना पास्कू कोण हे ठाऊक नसतं. त्यांच्या लेखी तो एक बेवडा, ज्याने कधीकाळी नशेत ढोल बडवून एका नवरीच्या घरचं मडकं फोडलं. मला पास्कू ठाऊक होता. मी ते वाक्य पन्नासएक वर्षं ऐकत आलो आणि प्रत्येक वेळी इतरांबरोबर हसलो. आता डॉक्टरांनी मला जिना चढायचा नाही असं सांगितलं आहे, बायको जाऊन बरेच दिवस झाले, आणि ज्यांच्यासमोर लाज वाटावी अशी माणसंही फारशी उरली नाहीत. तेव्हा हे प्रकरण लिहायला हरकत नाही.

खरं सांगायचं तर तरीही लिहिलं नसतं. माझी नात ॲलिशा घरी बसूनच काम करते, जाहिरातींच्या फिती कापते आणि जोडते. काम करताना तिच्या कानांवर मोठाले हेडफोन असतात. एका दुपारी ती मान हलवत बसली होती. मी चहा घेऊन गेलो, तर तिने हेडफोन काढून माझ्या कानांवर ठेवले. म्हणाली, "आजोबा, हे ऐका ना. एकदम तुमच्या टाइपचं आहे." माझ्या टाइपचं म्हणजे काय, हे तिला कसं ठाऊक, मला कळेना. मी घरात कधी काही ऐकत नाही.

सुरुवातीला नुसती खरखर होती, जुन्या तबकडीवर सुई टेकल्यावर येते तशी. मग उभ्या बासचे, म्हणजे माणसाएवढ्या उंच व्हायोलिनचे, बोटाने छेडलेले तीन स्वर आले. तिसरा विरतो आहे तोवर ढोल सुरू झाला आणि मी कप खाली ठेवला. ढोल पळत होता. नुसता पळत नव्हता, मध्येच अडखळल्यासारखं करत होता, एक ठोका गिळत होता, आणि तो पडला असं वाटेपर्यंत पुढे निघून गेलेला असायचा. बास मात्र सावकाश चालला होता, जेवण झाल्यावर माणूस अंगणात फेऱ्या मारतो तसा. एकाचा वेग दुसऱ्याच्या दुप्पट, तरी कुणी कुणाच्या पायात येत नव्हतं. या दोघांच्या वर, फार लांबून, शेजारच्या गावात कुणी वाजवत असावं तसा सॅक्सोफोनचा एकेक लांब स्वर येऊन विरत होता. मी खुर्चीत बसलो आणि ते संपेपर्यंत उठलो नाही.

"याला ड्रम अँड बेस म्हणतात," ॲलिशा म्हणाली. "एक इंग्लिश माणूस आहे. त्याचा एकदम सुरुवातीचा अल्बम. माझ्या जन्माच्या पण आधीचा. एकट्याने रूममध्ये बसून कंप्युटरवर बनवलाय. जुन्या जॅझच्या रेकॉर्डमधले ड्रमचे तुकडे घेतले, कापले, फास्ट केले, परत जोडले. मी व्हिडिओचं करते ना, तसंच."

"म्हणजे वाजवणारा कुणी नाही?"

"वाजवणारे होते ना. गेले असतील आता. का, नाही आवडलं?"

"पुन्हा लाव," मी म्हणालो.

त्यानंतर मी तो अल्बम किती वेळा ऐकला असेन, मोजदाद नाही. त्या माणसाच्या पुढच्या तबकड्याही ॲलिशाने ऐकवल्या. जाणकार त्यांनाच जास्त मानतात असं ती म्हणते. मला त्या फार हुशार वाटल्या. त्यांतला ढोल माणसाच्या हाताचा राहत नाही, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर सांडलेल्या चाकांसारखा होतो. या पहिल्या अल्बमात तो अजून जॅझच्या प्रेमात आहे आणि ते लपवत नाही. ढोल कितीही पळाला तरी त्या जुन्या वादकाच्या मनगटाचा सैल झोल त्यात राहिला आहे. कातड्यावर काठी टेकते, उडते, पुन्हा अलगद टेकते, हे सगळं ऐकू येतं. तो झोल मी ओळखतो. तो मी पाचूबंदरच्या एका मुलाच्या हातात पाहिला होता, आणि तेव्हा आमच्या वसईत कंप्युटर हा शब्दही कुणी ऐकला नव्हता.

पास्कू कोळ्यांचा. माझ्याहून एका वर्षाने मोठा. त्याचा बाप दारूने गेला आणि बापाच्या मयतीपासून त्याने बाटलीला हात लावला नाही, हे मला ठाऊक होतं, आणि ते वाचकालाही आताच ठाऊक असावं. सकाळी तो मामाच्या होडीवर जायचा आणि लग्नाच्या दिवसांत आमच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचा. मी क्लॅरिनेट वाजवायचो. आमची वाडी गावाच्या आतल्या अंगाला होती. केळी, पानवेल, मोगरा, आणि मधोमध रहाटाची विहीर. पहाटे रहाटाच्या कुरकुरीने जाग यायची, मग चर्चच्या घंटेने, मग आई तांदळाच्या भाकरीचं पीठ थापायला घ्यायची तो आवाज. आज त्या जागेवर चार मजली इमारत आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावर बसून मी हे लिहितो आहे. खाली जिथे विहीर होती तिथे स्कूटर लावतात.

माझे मामा बोटीवर नोकरीला होते. एका खेपेला त्यांनी रेकॉर्ड प्लेअर आणला आणि त्याच्याबरोबर चार तबकड्या. त्यांतल्या एकीचं वेष्टन हरवलं होतं. कुणाची, कुठली, काही कळायला मार्ग नव्हता. तीत बास होता, सॅक्सोफोन होता, आणि एक ढोलवाला होता जो सरळ कधी वाजवायचाच नाही. पास्कू संध्याकाळी मांदेली नाहीतर बोंबील घेऊन यायचा, मासळी आईच्या हाती द्यायचा आणि थेट माळ्यावर यायचा. भाताच्या कणगीला पाठ टेकून आम्ही ती तबकडी ऐकायचो. खालून बोंबलाच्या कालवणाचा वास यायचा. आई हाक मारायची, "पास्कू, जेवून जा." तो म्हणायचा, "मावशी, एकदा अजून ऐकतो." ते एकदा अजून कधीच एकदा नसायचं.

मग राखेचा बुधवार आला आणि सगळं थांबलं. ज्यांना आमची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत चाळीस दिवसांचा उपास असतो, तेव्हा आमच्यात लग्नं होत नाहीत आणि वाद्यं वाजत नाहीत. आमचे बँडमास्तर, बस्त्याव मास्तर, त्या दिवशी प्रत्येकाचं वाद्य स्वतः गोळा करायचे, पांढऱ्या फडक्यात गुंडाळायचे आणि आपल्या माळ्यावर ठेवून किल्ली कमरेला लावायचे. ढोलाच्या काठ्यासुद्धा सोडायचे नाहीत. घरी वडिलांनी रेकॉर्ड प्लेअर ट्रंकेत घातला. एवढ्या दिवसांत कुणी शीळ घातली तरी म्हातारी माणसं वळून बघायची.

आणि नेमक्या त्याच उपासात पास्कूला ती गोष्ट सुचली. तो एका दुपारी वाडीच्या खोपीत आला, सुरूच्या दोन काठ्या तासून आणलेल्या, आणि कोंड्याच्या पोत्यासमोर उकिडवा बसला.

"सिमाव, होडीचं मशीन ऐकलंस कधी?" तो म्हणाला. "टुकटुकटुकटुक, थांबत नाय. आनी होडी? ती आपली सावकाश वर जाते, सावकाश खाली येते. मशीन घाई करतं म्हनून होडी घाई करते काय?"

"नाही."

"मग झालं. मी मशीन. मोठा ढोल म्हंजे होडी, त्याला काय सांगायला नको, तो आपला रोजचा मार्च वाजवील. तू होडीत बस. लांब लांब फुंक."

"आणि मागून चालणारी माणसं?"

"ती होडीच्या मागं चालतील. त्यांना मशीन बघायला कोन सांगतंय?"

आमच्या घरची बोली त्याच्याहून थोडी निराळी, पण मीही तेव्हा अशा शुद्ध भाषेत बोलत नव्हतो. पुढे बँकेत नोकरी लागल्यावर माझी भाषा बदलली. त्यामुळे आठवणीतही मी शुद्ध बोलतो आणि तो जसा बोलायचा तसाच बोलतो. हे दुरुस्त करावं असं वाटलं, पण जमलं नाही.

तो सबंध उपास आम्ही रियाज केला, आणि तो सगळा बिनआवाजाचा. पास्कू कोंड्याच्या पोत्यावर वाजवायचा. काठी त्यात रुतायची, फक्त धस धस असं काहीतरी व्हायचं, बाहेर उभ्या म्हशीलाही ऐकू गेलं नसतं. माझ्याकडे वाद्य नव्हतं. मी पपईच्या पानाचा पोकळ देठ तोडला, त्यावर कोळशाने भोकं काढली आणि ती बोटांनी दाबत मनातल्या मनात फुंकू लागलो. मोठा ढोल म्हणून पास्कू टाच जमिनीवर टेकवायचा. आम्ही एकमेकांच्या हातांकडे बघून सगळं बसवलं. कुठे त्याने ठोका गिळायचा, कुठे मी श्वास घ्यायचा, कुठे दोघांनी थांबून टाचेला एकटीला चालू द्यायचं. गुड फ्रायडेला चर्चची घंटाही बंद होती, लाकडी फळी खडखडवत एक जण गावातून फिरून गेला, तेव्हाही आम्ही खोपीत होतो. आमची चूक इथेच झाली. बोटांना सगळं पाठ झालं होतं. कानांनी ते एकदाही ऐकलं नव्हतं.

ईस्टर झाला. घरात मैद्याचे गोल फुगे तळले गेले, डुकराचं मटण झालं, मास्तरांनी फडकी सोडली. पहिलं लग्न आमच्याच गावातलं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या आंघोळीसाठी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणायचं असतं. पुढे मास्तर ट्रंपेट घेऊन, मग आम्ही, मग घरच्या बायका घागरी डोक्यावर घेऊन, आणि सर्वांत मानाची नवरीची आत्या, तिच्या डोक्यावर कोरं मडकं. त्याच मोसमात मुंबईच्या एका हॉटेलातल्या बँडने मास्तरांकडे दोन मुलं मागितली होती. मास्तर आम्हा दोघांना शिफारशीची चिठ्ठी देणार हे ठरल्यासारखं होतं. पास्कूच्या बहिणीने, माथीलने, त्याच्यासाठी पांढरा सदराही शिवून ठेवला होता.

जाताना आम्ही साधंच वाजवलं. पाणी भरून परत फिरलो, मास्तरांनी ट्रंपेट खाली घेतला तसा पास्कूने माझ्याकडे बघून काठी जराशी उचलली. आणि ते सुरू झालं.

ते कसं होतं हे मला आजवर सांगता येत नव्हतं. आता येतं, कारण ॲलिशाच्या हेडफोनमध्ये ते तसंच्या तसं आहे. पोत्यात रुतणाऱ्या काठ्या एकदम कातड्यावर आल्या आणि ताल उडायला लागला. मोठा ढोल आपला धिम्म धिम्म चालला होता. मी लांब स्वर धरला होता. आणि लोक खरंच होडीच्या मागे चालत होते. एका म्हातारीचे खांदे हलू लागले. आत्याबाईंच्या डोक्यावरचं मडकं मान हलवल्यासारखं डुलत होतं, थेंब सांडत नव्हता. विहिरीपासून वाटेवरच्या चिंचेच्या झाडापर्यंतचं ते अंतर. तेवढ्यात माझं सगळं तारुण्य झालं, असं म्हटलं तर वाचक हसतील, पण पुढे मी जे वाजवलं, जे ऐकलं, त्यातलं काहीच त्या अंतराएवढं लांब नव्हतं.

चिंचेपाशी मास्तर मागे वळले. त्यांनी पास्कूकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. त्याच क्षणी मला पहिल्यांदा ऐकू आलं की आपण काय करतो आहोत. एवढा मोठा आवाज, आणि तो आपला आहे. मी क्लॅरिनेट तोंडातून काढलं.

होडीतला माणूस उतरला. मोठा ढोल वाजवणारे काका गोंधळले आणि पास्कूचा ताल गाठायला भराभर ठोकू लागले. पाय कुठे टाकावा हे कुणाला कळेना. आत्याबाई ठेचकाळल्या आणि मडकं रस्त्यावर फुटलं. लग्नाच्या पाण्याचं मडकं फुटणं म्हणजे केवढा अपशकुन ते आमच्याकडच्या कुणालाही विचारा. नवरीची आई तिथेच खाली बसली.

मास्तर पास्कूसमोर आले. पास्कू माझ्याकडे बघत होता. मी सांगेन, म्हणून वाट बघत होता. सांगण्यासारखं काही फार नव्हतं. हे दोघांनी मिळून बसवलं होतं आणि मी मध्येच थांबलो, एवढंच.

"प्याल्याबिगर असं कोन वाजवत नाय," मास्तर म्हणाले. "सिमाव, प्यालाय काय रं हा?"

"हो मास्तर," मी म्हणालो. "थोडी घेतली होती त्याने."

'थोडी' हा शब्द मास्तरांनी विचारला नव्हता. तो मी घातला. पुढे अनेक वर्षं मला त्या 'हो'पेक्षा त्या 'थोडी'चीच जास्त भीती वाटत आली, कारण नुसत्या 'हो'वर कदाचित कुणाचा विश्वास बसला नसता. पास्कूने गळ्यातला पट्टा काढला, ड्रम चिंचेच्या बुंध्याशी ठेवला, त्यावर काठ्या नीट जोडून ठेवल्या आणि बंदराच्या रस्त्याने चालू लागला.

मुंबईला मी एकटा गेलो. त्या हॉटेलात दुपारी चहाच्या वेळी आम्ही वाल्ट्झ वाजवायचो आणि कप-बश्यांचा आवाज आमच्याहून मोठा असायचा. दोन वर्षांनी बँकेत लागलो आणि क्लॅरिनेट पेटीत गेलं. पास्कूने पुन्हा ड्रमला हात लावला नाही. होडी, मग भाच्याची होडी, मग गुडघे गेल्यावर धक्क्यावर जाळी शिवणं. मी बाजारात गेलो की तो मांदेलीचा वाटा बाजूला काढून ठेवलेला असायचा. "सिमाव, ताजी हाय, घेऊन जा." त्या संध्याकाळबद्दल त्याने एक अक्षर काढलं नाही. मीही नाही. तो गेला तेव्हा दफनभूमीच्या फाटकाशी कुणीतरी हळू आवाजात तो जुना विनोद केला. लोक गालातल्या गालात हसले. माझाही गाल हलला. ते मी विसरू शकत नाही.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांचं न ऐकता जिना उतरून, ॲलिशाला घेऊन मी पाचूबंदरला गेलो. माथील ओट्यावर सुके बोंबील निवडत बसली होती. आता ती फार म्हातारी दिसते, पण हात तसेच भराभर चालतात. ॲलिशाने फोनवर अल्बम काढून दिला आणि ती समुद्र बघायला गेली. मला काही प्रस्तावना सुचेना.

"माथील, त्या दिवशी पास्कू प्यायलेला नव्हता," मी म्हणालो.

"मला काय सांगतोस?"

"मी मास्तरांना खोटं सांगितलं."

तिचे हात थांबले नाहीत. "ते पन ठाऊक हाय. सगळा रस्ता ऐकत होता ना तुझं. घरात तुझं नाव निघालं की तो आपला म्हनायचा, सिमावची रीड फाटली, नायतर झालं असतं. लगीन झाल्यावर बायकोला पन तेच सांगितलं. रीड फाटली."

क्लॅरिनेटच्या तोंडाशी वेताची पातळ पट्टी असते, ती रीड. ती फाटली की आवाज बंद. पास्कूने मला पन्नास वर्षं एक फाटकी रीड दिली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"फाटली नव्हती," मी म्हणालो.

"फाटली असती तर दुसरी लावली असतीस. काड्यापेटीत ठेवायचास तू, खिशात. मी काय आंधळी होते?" तिने एक मोडका बोंबील बाजूला टाकला. "त्याला पन कळत होतं. पन मानसाला कायतरी धरायला लागतं." मग दुसरा उचलत म्हणाली, "मला सांगून काय उपेग? मी कुठं हसत होते? जे हसतात त्यांना सांग."

म्हणून हे प्रकरण. ज्या कुणी ते वाक्य वरातीत उच्चारलं असेल त्यांनी हे वाचावं. पास्कू प्यायलेला नव्हता. तो ताल आम्ही दोघांनी चाळीस दिवस बसवला होता. मडकं माझ्यामुळे फुटलं.

निघण्यापूर्वी मी तिला हेडफोन दाखवले. "हे काय?" "ऐक एकदा." तिने पदराला हात पुसले, तरी बोंबलाचा वास हेडफोनना लागला, ॲलिशाने नंतर तक्रारही केली. मी पहिलंच गाणं लावलं. ती समोर भिंतीकडे बघत बसली. मला काही ऐकू येत नव्हतं, पण आता मला ते पाठ आहे. खरखर झाली असेल. तीन स्वर झाले असतील. मग तिच्या भुवया वर गेल्या, म्हणजे ढोल आला. तिच्या उजव्या पायाची टाच ओट्याच्या फरशीवर सावकाश टेकू लागली, होडीच्या चालीने, आणि त्याच वेळी बोटं मांडीवर मशीनच्या चालीने. कुणी तिला शिकवलं नव्हतं. मी खोपीत बसल्यासारखा तिच्या हातापायांकडे बघत राहिलो. सगळं संपेपर्यंत तिने हेडफोन काढले नाहीत.

मग काढले, मांडीवर ठेवले आणि बोंबलाची टोपली पुन्हा जवळ ओढली.

"कोन हाय ठाऊक नाय," माथील म्हणाली, "पन यो प्यालेला नाय."